उरण : मुंबईसमोरच्या किनाऱ्याचा इतिहास

जबलपूर समुद्रापासून फार दूर आहे, तरी मुंबई बंदराच्या इतिहासात या शहराचे नाव एका वळणावर हटकून येते. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग आणि अलाहाबादहून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग मार्च १८७० मध्ये जबलपूरला जोडले गेले आणि मुंबई ते कलकत्ता असा सलग लोहमार्ग तयार झाला. त्याआधी चारच महिने, नोव्हेंबर १८६९ मध्ये, सुएझ कालवा खुला झाला होता. एका बाजूने युरोप जवळ आला, दुसऱ्या बाजूने देशाचा आतला भाग जवळ आला. बंदराच्या मागे पसरलेल्या आणि त्याच्याशी मालाची देवघेव करणाऱ्या प्रदेशाला पृष्ठप्रदेश म्हणतात. मुंबईचा पृष्ठप्रदेश त्या वर्षी नर्मदेच्या खोऱ्यात खोलवर पोचला.

पृष्ठप्रदेशाबद्दल पाठ्यपुस्तकांत पुष्कळ लिहिलेले असते. मोठ्या बंदराला आणखी एका प्रदेशाची गरज असते, त्याबद्दल मात्र फार कमी सापडते. शहरात मावत नाहीत किंवा शहराला आपल्या अंगणात नको असतात, अशा कामांसाठी पाण्यापलीकडे एक जागा लागते. मुंबईसाठी ती जागा म्हणजे उरण. आज रायगड जिल्ह्यात असलेला हा तालुका मुंबईच्या गोदीसमोर, बंदराच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. या व्याख्यानात आपण त्याचा इतिहास दोन प्रश्न धरून पाहू. मुंबईने या किनाऱ्याकडून वेळोवेळी काय घेतले, हा पहिला प्रश्न. घेताना इथल्या कोणाला मालक मानले, हा दुसरा. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण जानेवारी १९८४ मध्ये त्यावरून इथे माणसे मेली.

बेट, बांध आणि खार

उरण गाव मुळात बेटावर वसलेले आहे. जुन्या कागदपत्रांत या बेटाला करंजा म्हणतात. दक्षिणेला द्रोणागिरीचा डोंगर, उत्तरेला मोऱ्याच्या बाजूची ठेंगणी टेकडी आणि दोन्हींच्या मध्ये सखल जमीन, अशी त्याची रचना. न्हावा आणि शेवा ही त्याच्या उत्तरेकडची लहान बेटे. पश्चिमेला समुद्रात घारापुरी, म्हणजे एलिफंटा. पूर्वेला खाडी आणि तिच्यापलीकडे चिरनेर, जासई, चिर्ले ही मुख्य भूमीवरची गावे. आजच्या नकाशावर ही बेटे वेगळी दिसत नाहीत, कारण मधल्या खाड्या बुजत गेल्या, काही बुजवल्या गेल्या.

मधली सखल जमीन निसर्गाने तयार करून दिलेली नाही. भरतीचे पाणी अडवण्यासाठी मातीचे बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या ती समुद्राकडून मिळवली गेली. अशा जमिनीला इथे खार म्हणतात. बांधात पाणी सोडायची दारे असतात, त्यांना उघडी म्हणतात. पावसाचे गोडे पाणी आत कोंडून खारटपणा धुऊन काढायचा आणि मग भात लावायचे, अशी ही शेती. बांध एकदा फुटला की खारे पाणी आत शिरते आणि पुढची काही वर्षे पीक हातचे जाते. म्हणून बांधाची डागडुजी एकट्यादुकट्याचे काम नव्हते, साऱ्या गावाने हात लावावा लागे. हे करणारा समाज मुख्यतः आगरी. मिठागरात राबणारा तो आगरी, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. किनाऱ्यालगत कोळीवाडे होते आणि डोंगरउतारावर कातकरी व ठाकूर वस्त्या.

हे सुरुवातीलाच सांगायचे कारण पुढे येणार आहे. विसाव्या शतकात सरकारी टिपणांमध्ये या जमिनीचे वर्णन ‘पडीक’, ‘दलदलीची’ असे होऊ लागले. ज्या जमिनीसाठी दरवर्षी बांध बांधावा लागतो ती पडीक कशी, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे.

शिलालेख, जकात आणि तह

उरण परिसरातील चाणजे आणि रानवड येथे उत्तर कोकणच्या शिलाहार राजांचे शिलालेख मिळाले आहेत. ते बाराव्या आणि तेराव्या शतकातले आहेत. चाणजे येथील सोमेश्वर राजाचा शके ११८२ चा, म्हणजे इ. स. १२६० चा लेख आपल्या दृष्टीने बोलका आहे. चाणजे भागातील एका बागेचे १६२ द्रम्मांचे उत्पन्न ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला दान दिल्याची त्यात नोंद आहे. उत्पन्न उरणचे, देव राजधानीचा. एका लेखावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, पण उरणची बाग तेव्हाही दूरच्या हिशेबात मोजली जात होती एवढे त्यावरून दिसते.

१५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून वसई आणि तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगिजांकडे गेला. करंजा बेटही त्यांच्याकडे आले. द्रोणागिरीवर आणि गावात त्यांनी चर्च व तटबंदी उभारली. १६६१ च्या विवाहकराराने मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला मिळाले आणि १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. आसपासचा किनारा मात्र पोर्तुगिजांकडेच राहिला. त्यामुळे एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली. मुंबई बेटावर इंग्रज बसले होते, पण देशावरून खाडीमार्गे येणाऱ्या होड्या पोर्तुगिजांच्या ठाण्यावरून आणि करंजावरून जात. पोर्तुगीज तिथे जकात घेत आणि मुंबईचे इंग्रज त्यावरून सतत तक्रार करत. बंदर ताब्यात असले तरी त्याच्या तोंडाशी आणि पाठीशी असलेला किनारा दुसऱ्याकडे असेल तर बंदर अपुरे राहते. हा धडा मुंबईने त्या काळात घेतला, आणि समोरच्या किनाऱ्याकडे त्यानंतर कधी दुर्लक्ष केले नाही.

१७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगिजांचा उत्तर कोकणातला बहुतेक मुलूख घेतला, त्यात करंजाही होते. पुढे पुण्याच्या गादीच्या भांडणात रघुनाथरावाने इंग्रजांची मदत मागितली, तेव्हा मुंबईकरांनी साष्टी, वसई यांच्याबरोबर मागितलेल्या जागांमध्ये करंजा होते. १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी वसई परत केली, पण साष्टी, करंजा आणि घारापुरी ठेवून घेतली. वसईसारखे समृद्ध ठाणे सोडून ही छोटी बेटे का ठेवली? मुंबई बंदराचे पाणी याच बेटांनी वेढलेले आहे. किनारा हातात असल्याशिवाय पाणी हातात राहत नाही, हा त्यामागचा हिशेब. समोरची पनवेल-चिरनेरची बाजू इंग्रजांकडे यायला १८१८ उजाडले. म्हणजे सुमारे ३६ वर्षे उरणची खाडी ही दोन राज्यांची सरहद्द होती. आज तिच्यावरच्या पुलावरून जाताना हे लक्षातही येत नाही.

मीठ आणि मोह

एकोणिसाव्या शतकातले उरण समजून घ्यायचे तर १८८२ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्याचे खंड पाहावेत. उरण तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, नंतर ते कुलाबा जिल्ह्यात गेले. गॅझेटियर वाचताना एक पथ्य पाळावे. ते अधिकाऱ्यांनी अधिकाऱ्यांसाठी लिहिलेले आहे. ज्यातून महसूल येतो त्याबद्दल त्यात पानेच्या पाने भरलेली असतात आणि ज्यातून येत नाही त्याबद्दल दोन ओळी. उरणबद्दल पाने भरली आहेत ती मीठ आणि दारू यांवर.

मिठागरे इथे जुनीच. इंग्रजांच्या काळात मिठावरचा कर हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन झाले, तेव्हा मिठागरांवर पहारे बसले, परवाने आले, वजनमाप आले. मीठ पिकवणाऱ्याला मजुरी मिळे आणि मालाच्या किमतीच्या कित्येक पट कर सरकारजमा होई. हे मीठ होड्यांनी मुंबईला जाई, तिथून देशावर आणि रेल्वे झाल्यावर त्याही पलीकडे.

दारूची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. जबलपूर-मंडल्याकडच्या विद्यार्थ्यांना मोहाचे झाड सांगायला नको. त्याच्या फुलांपासून दारू गाळण्याचा व्यवसाय उरण आणि मोरा भागात मोठ्या प्रमाणावर चाले. भट्ट्यांचे मालक बहुतेक पारशी होते. फुले स्थानिक पुरत नसत, ती पंचमहालासारख्या भागातून आणवली जात. म्हणजे जंगल एकीकडे, भट्टी दुसरीकडे आणि पिणारा तिसरीकडे. मग भट्ट्या उरणलाच का? कारण इथून मुंबई पाण्याने जवळ होती आणि मुंबईत शिरणाऱ्या दारूवर नजर ठेवणे सोपे होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने सरकारने गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून गाळप ठरावीक ठिकाणी एकवटले. एका जागी चारशे पिंपे मोजणे चारशे गावांत एकेक पिंप मोजण्यापेक्षा सोपे, हा साधा कारभारी विचार. उरण असे एक मोठे ठिकाण झाले.

याची किंमत कोणी दिली तेही पाहिले पाहिजे. ताडी काढणाऱ्या भंडाऱ्यांवर झाडामागे जबर कर बसला आणि त्यांचा धंदा मोडकळीस आला. पुढे १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. कातकऱ्याने आपल्याच रानातली फुले वेचून घरी ठेवणे हा गुन्हा झाला. फूल तेच, झाड तेच, पण परवानाधारकाच्या गोदामात ते माल होते आणि आदिवासीच्या झोपडीत पुरावा.

जंगलाच्या या कायद्यांविरुद्धचा असंतोष २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला उफाळून आला. सविनय कायदेभंगाच्या काळात अक्कादेवीच्या डोंगरावर गावकऱ्यांनी जंगल सत्याग्रह केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ सत्याग्रही मृत्युमुखी पडले. सरकारी बाजूचीही माणसे त्या दिवशी मारली गेली, त्यांत मामलेदार होते. तीनच वर्षांनी याच जिल्ह्यातील अलिबागजवळच्या चरी येथे खोतांविरुद्ध कुळांचा संप सुरू झाला. तो १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला. १९८४ चे आंदोलन अचानक उगवले असे मानणाऱ्यांनी या दोन घटना विसरू नयेत. जमिनीसाठी सरकारशी भिडण्याची आठवण या भागात घराघरांत होती.

बंदर पलीकडे का गेले

मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ ची. प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये, व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये आणि अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, १९१४ मध्ये सुरू झाला. या गोद्या शहराच्या अगदी पोटात होत्या. त्याचा अर्थ काय होतो ते १४ एप्रिल १९४४ ला दिसले. व्हिक्टोरिया डॉकमध्ये स्फोटके आणि कापूस एकत्र घेऊन उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. शेकडो माणसे मेली आणि गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या.

स्वातंत्र्यानंतर धोक्याची आणि जागा खाणारी कामे एकामागून एक समोरच्या किनाऱ्यावर आली. नौदलाचे शस्त्रागार करंजाला आले. मुंबई हाय येथे १९७४ मध्ये तेल सापडले आणि १९७८ मध्ये तिथून समुद्राखालून टाकलेली नळवाहिनी उरणला येऊन पोचली. तेल व नैसर्गिक वायू आयोगाचा प्रकल्प उभा राहिला, मग वायूवर चालणारे वीजकेंद्र आले.

याच काळात जगभर बंदरांचे स्वरूप पालटत होते. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ धातूच्या पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेले. कंटेनर वाहतुकीची ही सुरुवात मानली जाते. तोवर जहाजातला माल पोते-पोते, पेटी-पेटी करून शेकडो हमाल उतरवत. कंटेनरने हे काम क्रेनवर आणले. त्यामुळे बंदराच्या गरजा बदलल्या. हमालांची गर्दी नको झाली, पण धक्क्यामागे मोकळे, सपाट, विस्तीर्ण आवार हवे झाले. हजारो पेट्या रचायच्या, निवडायच्या आणि रेल्वे किंवा ट्रकवर चढवायच्या तर जागा लागतेच. जुन्या गोद्यांपाशी अशी जागा नव्हती. तिथे जहाज आत घ्यायलाही भरतीची वेळ आणि पाण्याचे दरवाजे सांभाळावे लागत आणि बाहेर पडलेला ट्रक थेट शहराच्या गर्दीत शिरे.

न्यूयॉर्कचे उदाहरण या बाबतीत मुंबईच्या अगदी जवळचे आहे. मॅनहॅटन आणि ब्रुकलिनचे धक्के ओस पडले आणि कंटेनर बंदर खाडीपलीकडे, न्यू जर्सीच्या पाणथळ जमिनीवर, एलिझाबेथ येथे १९६२ मध्ये उभे राहिले. आपल्याकडे कोलकात्यासाठी हल्दिया (१९७७) आणि चेन्नईसाठी एन्नोर (२००१) हीही त्याच जातीची उदाहरणे. मुंबईसाठी शेव्याची निवड झाली. समोर खोल पाण्याचा मार्ग होता आणि मागे खारजमिनी होत्या, ज्या शहराच्या जमिनीच्या तुलनेत कवडीमोल भावात मिळतील असा अंदाज होता. हा अंदाज चुकला, आणि तो कसा चुकला हाच उरणच्या अलीकडच्या इतिहासाचा गाभा आहे.

जानेवारी १९८४

१७ मार्च १९७० रोजी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवी मुंबई वसवण्याचे काम तिच्याकडे आले. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी या योजनेत आल्या. न्हावा-शेवा बंदराचा प्रकल्प याच भूमीवर बसवायचा होता. संपादनाला आधार होता १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा. या कायद्यात ‘सार्वजनिक हित’ काय ते सरकार ठरवी आणि मोबदल्याचा भाव त्या वेळच्या शेतजमिनीच्या खरेदीविक्रीवरून निघे. खारजमिनीचे खरेदीखत क्वचितच होई आणि झाले तरी भाव नाममात्र. त्यामुळे बंदर झाल्यावर जमिनीची जी किंमत होणार होती तिचा एक पैसाही शेतकऱ्याच्या वाट्याला येत नव्हता. जमीन विकत घेताना ती भातखाचर होती आणि ताब्यात आल्यावर ती बंदराची जागा होती.

या विसंगतीवर नेमके बोट ठेवले ते दि. बा. पाटील यांनी. उरण तालुक्यातील जासई गावी १३ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले, व्यवसायाने वकील, शेतकरी कामगार पक्षाचे आमदार आणि खासदार. त्यांची मागणी केवळ भाव वाढवून देण्याची नव्हती. विकासामुळे वाढणाऱ्या किमतीत शेतकऱ्याला कायमचा हिस्सा असला पाहिजे, म्हणजे विकसित जमिनीचा काही भाग त्याला परत मिळाला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. भारतात भूसंपादनाच्या चर्चेत ही कल्पना तेव्हा नवी होती. माझ्या मते उरणने देशाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट बंदर नसून ही कल्पना आहे.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी संपादनाला विरोध करण्यासाठी गावकरी हजारोंच्या संख्येने रस्त्यावर आले. त्यांत बायकांची संख्या मोठी होती. वसंतदादा पाटील तेव्हा मुख्यमंत्री होते. जासईजवळचा दास्तान फाटा आणि नवघर परिसर इथे पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मरण पावले, अनेक जखमी झाले. दरवर्षी या दिवशी तिथे हुतात्म्यांना अभिवादन केले जाते. बंदरासाठी जागतिक बँकेचे कर्ज मंजूर झाले तेही याच वर्षी.

पुढील वर्षांत सरकारने तत्त्व मान्य केले आणि १९९० व १९९४ च्या शासन निर्णयांनी साडेबारा टक्के योजना आकाराला आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यायचा, अशी ती योजना. त्यातून सामाजिक सोयींसाठी काही भाग कापला जातो आणि प्रत्यक्ष हातात येतो पावणेनऊ टक्के. शंभर गुंठे गेलेल्या शेतकऱ्याला पावणेनऊ गुंठे. तरीही शहरी भूखंडाची किंमत शेतजमिनीपेक्षा कितीतरी अधिक असल्याने योजनेने अनेक कुटुंबांची आर्थिक स्थिती पालटली. काहींनी भूखंड बिल्डरांना आधीच कागदावर विकून टाकले, तेही खरे.

विरोधाभास असा, की ज्या बंदरासाठी रक्त सांडले त्या बंदराच्या प्रकल्पग्रस्तांनाच सर्वांत जास्त थांबावे लागले. नवी मुंबईच्या इतर भागांत सिडकोने भूखंड वाटले. बंदराची जमीन मात्र केंद्र सरकारच्या पोर्ट ट्रस्टकडे होती आणि राज्याची योजना केंद्राच्या संस्थेला कशी लागू होते यावर वर्षे गेली. बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्याच्या प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्क्यांची इरादापत्रे वाटली गेली ती १६ ऑगस्ट २०१४ रोजी, पंतप्रधानांच्या हस्ते. मधल्या २५ वर्षांत बंदर देशातील सर्वांत मोठे कंटेनर बंदर झाले, १९९९ मध्ये तिथे देशातील पहिले खाजगी कंटेनर टर्मिनल चालू झाले, आणि जमीन दिलेली पिढी म्हातारी झाली.

या लढ्याचा धडा शेजारच्या गावांनीही घेतला. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा सप्टेंबर २००८ मध्ये पेणमधील २२ गावांत सरकारलाच शेतकऱ्यांचे मत घ्यावे लागले. तो प्रकल्प पुढे बारगळला.

सातबारा नसलेले पाणी

आतापर्यंतच्या साऱ्या हिशेबात एक अट गृहीत आहे. मोबदला मिळतो तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याचे काय? मिठागरावरचा मजूर, दुसऱ्याच्या खारात राबणारी बाई आणि सर्वांत ठळकपणे कोळी. कोळ्याचे शेत म्हणजे खाडी आणि समुद्राला सातबारा नसतो. डोल कुठे लावायची, कोणत्या खाडीत कोणत्या कोळीवाड्याने जायचे, हे पिढ्यांच्या वहिवाटीने ठरलेले असते. या वहिवाटीची नोंद तलाठ्याच्या दप्तरात नसते.

शेवा कोळीवाडा बंदरासाठी उठवला गेला आणि तिथल्या लोकांचे पुनर्वसन उरणजवळ हनुमान कोळीवाडा या नावाने झाले. नवी जागा अपुरी होती आणि घरांना वाळवीने पोखरले. पुन्हा पुनर्वसन करा, ही मागणी तिथे दुसऱ्या पिढीपर्यंत चालत आली. दरम्यान बंदराच्या भरावामुळे खाड्यांचे प्रवाह बदलले, खारफुटी तुटली, जहाजांच्या मार्गात जाळी टाकायला बंदी आली. खारफुटीच्या मुळांशी कोळंबीची आणि माशांची पिल्ले वाढतात. ती गेली की कोणत्याही संपादनाच्या आदेशाशिवाय मासेमारी संपते.

२७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठाने या प्रश्नावर एक महत्त्वाचा निकाल दिला. उरण कोळीवाडा, हनुमान कोळीवाडा, गव्हाण कोळीवाडा आणि बेलपाडा कोळीवाडा येथील १,६३० पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश बंदर, सिडको आणि तेल व नैसर्गिक वायू आयोग यांना झाला. कुटुंबामागे ही रक्कम सरासरी ५ लाख ८४ हजारांच्या आसपास येते. रकमेपेक्षा निकालाचे तत्त्व महत्त्वाचे आहे. मालकीचा कागद नसला तरी वहिवाटीने पाण्यावर अवलंबून असलेल्या समूहाचे नुकसान हे भरपाईयोग्य नुकसान आहे, हे लवादाने मान्य केले. १९८४ ने जमिनीबाबत जो प्रश्न उभा केला, तोच ३१ वर्षांनी पाण्याबाबत अशा रीतीने न्यायपीठासमोर आला. फरक एवढाच, की शेतकऱ्याला विकसित जमिनीत हिस्सा मिळाला, कोळ्याला मात्र एकदाच द्यायच्या रकमेचा आदेश. बंदराच्या वाढत्या उत्पन्नात मच्छीमाराचा हिस्सा काय, हा विचार अजून कोणत्याही शासन निर्णयात उतरलेला नाही.

घारापुरीचे उदाहरण इथेच नोंदवावे. बेटावरची लेणी १९८७ पासून जागतिक वारसा स्थळ आहेत. १९८९ नंतर बेटासमोर बंदराचे दिवे रात्रभर झगमगू लागले. बेटावरच्या गावांत मात्र जनरेटरची वीज संध्याकाळी काही तासच असे. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून तिथे कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये.

उपनगर होताना

मुंबईहून उरणला जायचा जुना रस्ता पाण्याचाच. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँच सुटते. ओहोटीला मोरा बंदरातील गाळामुळे ती अडते, म्हणून उरणचे चाकरमानी भरती-ओहोटीची वेळ घड्याळाइतकीच लक्षात ठेवत. रस्त्याने यायचे तर वाशीच्या खाडीपुलावरून मोठा वळसा पडे. मालगाडीची रूळवाट पनवेलमार्गे उरणपर्यंत कधीच आली होती. माणसांच्या लोकलला मात्र बराच उशीर झाला. बंदरातून वर्षाला जाणाऱ्या-येणाऱ्या कंटेनरांची संख्या २०२२-२३ मध्ये वीस फुटी मापाने ६० लाखांवर गेली होती, तेव्हाही उरणचा विद्यार्थी मुंबईच्या कॉलेजला जायला बस किंवा लाँचवर अवलंबून होता.

१२ जानेवारी २०२४ रोजी दोन उद्घाटने एकाच दिवशी झाली. शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आणि खारकोपर ते उरण ही लोकल रेल्वे. सेतूवर मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये ठेवला गेला. लोकलचे तिकीट अर्थातच त्याच्या अगदी लहान हिश्श्याइतके. स्थानिक माणसाला कोणती वाट उपयोगाची ते यावरून कळते. बेट होते तेव्हा उरण मुंबईचे होते, पण मुंबईत नव्हते. या दिवसापासून ते व्यवहारात उपनगर झाले आणि उपनगर होताच जमिनीचे भाव, इमारती आणि भाडेकरू यांचा नवा हिशेब सुरू झाला.

नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे म्हणून जून २०२१ मध्ये या भागातील लोकांनी मानवी साखळी केली आणि सिडकोच्या कार्यालयावर मोर्चा नेला. नव्या लोकलच्या स्थानकांबाबतही असेच घडले. मार्गावरच्या एका स्थानकाला न्हावा-शेवा आणि एकाला द्रोणागिरी अशी नावे ठरली होती. ज्या गावांच्या जमिनीवर रूळ पडले त्या गावकऱ्यांनी मागणी केली, की पाट्यांवर नवघर, बोकडवीरा आणि धुतूम ही गावांची नावे लागली पाहिजेत.